कार्डावर तिच्यासाठी एक ओळ ठेवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीरोग, मनोविकृती आणि पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागांत संशोधन करणारे सर्व

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन व तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे. अकरा वर्षं झाली. एचआयव्हीची तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होते, त्यामुळे आमच्याकडे नाव नोंदवणारी प्रत्येक बाई एकदा तरी माझ्या समोरच्या खुर्चीत बसते. खोली लहानच आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, रजिस्टरांचं कपाट आणि एक दार. एएनसीच्या, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, दिवशी सगळ्या ओपीडीत आतून लावता येईल असं दार एवढंच. एचआयव्हीचं बोलणं गुपित राहावं म्हणून ते आहे. पण दार लावलं की बायका एचआयव्हीपुरतंच बोलत नाहीत. बाहेर सासू असते, आशाताई असते, शेजारच्या गल्लीतली बाई असते. आत आम्ही दोघीच. तिथे त्या जे बोलतात त्यातला मोठा भाग त्यांच्या बदलत्या अंगाविषयीचा असतो, आणि तो कुठेच लिहिला जात नाही. या पत्राचं कारण तेवढंच आहे.

माता-बाल संरक्षण कार्ड तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं, पायांवरची सूज, गर्भाशयाची उंची, बाळाचे ठोके, टीडीच्या इंजेक्शनची तारीख, लोहाच्या १८० गोळ्या. बाईच्या अंगाचं जे जे मोजता येतं ते आपण मोजतो, आणि मोजायलाच हवं. या कार्डामुळे माझ्या डोळ्यांदेखत बायका वाचल्या आहेत. पण ते अंग जिचं आहे तिला त्याच्याविषयी काय वाटतं, हे लिहायला त्या सगळ्या रकान्यांत जागा नाही.

वजनाचंच बघा. काट्याजवळ मावशी उभी असते आणि पंधरा पावलांवर टेबलाशी सिस्टर बसलेली. मधे बाकांवर चाळीस बायका. मावशी काट्यावरचा आकडा मोठ्यानं सांगते, सिस्टर लिहून घेते. गर्दीच एवढी असते की दुसरं काही सुचतही नाही, त्यात दोघींचाही दोष नाही. पण "अठ्ठ्याहत्तर!" असं ऐकू आलं की बाकावरच्या माना वळतात. "एक्केचाळीस!" ऐकू आलं तरी वळतात. एकीला कुणीतरी म्हणतं, "सिझर होणार बघ." दुसरीला म्हणतात, "ह्यात काय बाळ पोसायचं?" काट्यावरून उतरताना दोघीही पदर ओढून घेतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की एखादी बाई पदर न ओढता उतरली तर ती माझ्या लक्षात राहते.

नवव्या तारखेला, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, कार्डावर स्टिकर लागतो. जोखीम नसेल तर हिरवा, असेल तर लाल. डॉक्टरांना एका नजरेत कळावं म्हणून केलेली ही सोय चांगली आहे. पण लाल स्टिकरवाली बाई माझ्या खोलीत येते तेव्हा कार्ड उलटं धरून येते. सहाव्या महिन्यातली एक मुलगी, वय बावीस, कार्ड टेबलावर पालथं ठेवून म्हणाली, "माझंच आंग खराब निघालं ना ताई?" तिची उंची कमी होती, एवढंच कारण. तिला समजावायला मला वीस मिनिटं लागली आणि तरी ती पुरती समजली असं मला वाटत नाही. त्या दिवशी रजिस्टरात मी काय लिहिलं? "चाचणीपूर्व समुपदेशन केले." तिच्या त्या वाक्याला कुठलाच रकाना नव्हता.

आता कुणी म्हणेल, मन कसं मोजणार? मोजतात. तुमच्यातल्या संशोधकांना हे ठाऊक आहे, पण पत्र खुलं आहे म्हणून थोडं सांगते. १९८७ साली दोन प्रश्नावल्या आल्या. एक एडिनबरोची, बाळंतिणीच्या नैराश्याची. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. ती आता गरोदरपणातही वापरतात आणि मराठीतही वापरली जाते. ती मोलाची आहे, पण तिच्या दहा प्रश्नांत एकही अंगाविषयी नाही. दुसरी शरीराच्या आकाराविषयीची, चौतीस प्रश्नांची. ती केली होती लठ्ठपणाच्या धास्तीनं पछाडलेल्या बायकांसाठी. अंग मोठं, गोल झाल्यासारखं वाटतं का, अशा अर्थाचे प्रश्न तिच्यात आहेत. सातव्या महिन्यातल्या बाईला हे विचारा. ती "हो" म्हणणार, कारण ते खरंच मोठं आणि गोल झालेलं असतं. त्या "हो"मध्ये दुःख आहे की समाधान, हे त्या आकड्यातून कळायचं नाही. कितीतरी वर्षं जगभर गरोदर बायकांना असल्याच प्रश्नावल्या देत आले आणि निघालेल्या आकड्यांवर निष्कर्ष काढत आले.

ही चूक ओळखून अलीकडे खास गरोदरपणासाठी मापनश्रेणी तयार झाल्या. ऑस्ट्रेलियात २०१७ साली छत्तीस विधानांची एक झाली. रूपाची चिंता, अंगातल्या ताकदीबद्दलची नाराजी, चेहऱ्याची कांती, जोडीदाराला आपण हव्याशा वाटतो का, लोकांत जाणं टाळणं, असे सात घटक तिच्यात निघाले. इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठात २०१९ साली 'बंप्स' नावाची एकोणीस विधानांची झाली. तिच्यात घटक तीनच: गरोदर दिसण्याचं समाधान, वजनवाढीची चिंता आणि गरोदरपणाचा अंगावर पडणारा भार. मला तिच्यातली पहिली गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गरोदर दिसण्यात आनंदही असू शकतो, तो वेगळा मोजावा, हे त्यांना सुचलं. आणि आपल्या अंगाविषयी समाधानी असलेल्या बायकांची पोटातल्या बाळाशी ओढ जास्त असल्याचं त्यांना त्यात दिसलं.

नैराश्याशीही याचा संबंध आहे. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तेव्हा अंगाविषयीची नाराजी आणि गरोदरपणातलं किंवा बाळंतपणानंतरचं नैराश्य यांचं नातं बारीक निघालं, पण पुन्हा पुन्हा निघालं. आधी काय आणि मागून काय, हे त्यावरून ठरत नाही. तरीही अंगाविषयी विचारणं म्हणजे शहरी चोचले आहेत असं म्हणायला मात्र जागा उरत नाही.

मग अडचण काय? इंग्रजीतली श्रेणी घ्यायची, मराठीत आणायची, झालं. मलाही तसंच वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी आमच्याकडे आली. मुलगी हुशार आणि मनापासून काम करणारी. तिच्याकडे एका परदेशी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर होतं. नीट रीतीनं केलेलं: एकानं मराठीत आणलं, दुसऱ्यानं मूळ न बघता परत इंग्रजीत नेलं, दोन्ही ताडून पाहिलं. कागदावर चूक काढायला जागा नव्हती. मी तिला माझी खोली दिली आणि शेजारी बसून राहिले.

पहिलंच वाक्य होतं, "मी माझ्या शरीराबाबत समाधानी आहे." समोरची बाई म्हणाली, "शरीर म्हणजे तब्येत का?" विद्यार्थिनीनं सांगितलं, "नाही, म्हणजे तुमचं दिसणं वगैरे." बाई म्हणाली, "मग तब्येत बरी आहे, असं लिहा." पुढे एक वाक्य आलं, "मी आकर्षक दिसते असे मला वाटते." त्यावर दुसरी बाई खुदकन हसली आणि विचारलं, "कुणाला?" तो प्रश्न मला आजवर सुटलेला नाही, इतका तो बरोबर होता. आपल्याकडे आपण दिसतो ते कुणाच्या तरी डोळ्यांना दिसतो. सासूच्या, जावांच्या, मालकाच्या, गल्लीच्या. नुसतं "दिसते" म्हणून भागत नाही.

मग "पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत". शाळेत दहावीपर्यंत गेलेल्या बायकासुद्धा तिथे अडल्या. एकजण म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं टाका." सरकारी दवाखान्यात, टेबलापलीकडे बसलेल्या शिकलेल्या बाईला "मी तुझ्याशी पूर्णपणे असहमत आहे" असं कोण म्हणेल? आणि उलट्या अर्थाची वाक्यं! "मला माझे पोट लपवावेसे वाटत नाही." याच्याशी असहमत म्हणजे लपवावंसं वाटतं. मी स्वतः दोनदा गोंधळले. संशोधनात अशी वाक्यं मुद्दाम घालतात, माणूस न वाचता खुणा करत सुटू नये म्हणून. इथे उलट झालं. नीट ऐकून उत्तर देणारी बाईच चुकीच्या चौकटीत जाऊन पडली.

जोडीदाराविषयीची दोन वाक्यं विद्यार्थिनीनं विचारलीच नाहीत. लाजली बिचारी. त्या जागा कोऱ्या राहिल्या.

प्रबंध झाला, मान्यही झाला. आकड्यांत अल्फा चांगला आला असं तिनं मला फोन करून आनंदानं सांगितलं. मी तिचं अभिनंदन केलं. पण अल्फा एवढंच सांगतो की वाक्यं एकमेकींना धरून आहेत. ती बाईला धरून आहेत का, ते तो सांगत नाही. वाक्यं एकाच दिशेची असली आणि न समजताच एकीनं सगळ्यांना "सहमत", दुसरीनं सगळ्यांना "तटस्थ" म्हटलं, तरी अल्फा चांगला येऊ शकतो.

त्या आठवड्यात मी घरून एक कोरा कागद आणला आणि त्यावर वाटीनं चार गोल काढले. पहिल्यात चतकोर भाग रंगवला, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात पाऊण, चौथा अख्खा. भाकरी. आणि वाक्यं मी बायकांच्याच तोंडची घेतली. "अंग जड जड वाटतं. किती? चतकोर, अर्धी, पाऊण, का अख्खी?" एकीलाही समजावून सांगावं लागलं नाही. चतकोर म्हणजे किती हे आमच्या बाईला रोज रात्री कळतं. एक बाई चौथ्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "ही अख्खी, आन् वर चतकोर." तिचं दुखणं कागदात मावत नव्हतं, आणि तेही मला कागदावरच दिसलं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. अंगाविषयी बायका जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, फक्त कितवा महिना तेवढं. खाली जे सांगते आहे तेही कुणाची ओळख पटू नये अशा बेतानं सांगते आहे.

त्या वहीतला सगळ्यात मोठा धडा पोट लपवण्याचा आहे. गरोदरपणात पोट झाकणं, सैल कपडे घालणं, लोकांत जायचं टाळणं, हे परदेशी श्रेणीत नाराजीचं लक्षण धरतात. तिकडे ते बरोबरही असेल. आमच्या ओपीडीत शंभरातल्या नव्वदजणी पोट झाकून बसतात. का, ते विचारलं तर उत्तरं वेगळी येतात. "दृष्ट लागंल." "मामंजी समोर असत्यात." "पहिलं खाली झालं होतं, पाचवा सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही." आणि दिवाळीच्या तोंडाला येणारं उत्तर सगळ्यात निराळं.

आमच्याकडे दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या कोयत्यावर मिळते, आणि हंगामात गैरहजर दिवसाचा खाडा कापला जातो. चौथ्या-पाचव्या महिन्यातली बाई निघायच्या आधी तपासणीला येते आणि पदर घट्ट खोचून बसते. "पोट दिसलं तर मुकादम कुरकुर करतो," हे मी कितीदा लिहून घेतलंय. तिला आपल्या पोटाची लाज नाही. अंगाविषयी तिला पडलेला प्रश्न एकच: मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढता येईल का, आणि कोणत्या महिन्यापर्यंत? "आंग कुठवर साथ देईल ते सांगा," असं एकीनं मला विचारलं होतं. गरोदरपणाचा भार हा घटक यॉर्कच्या श्रेणीतही आहे. पण पाठ दुखणं, झोप न लागणं आणि आपलं अंग मोळीला पुरं पडेल का याची धास्ती, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात कशा बसवायच्या?

आता सांगा, पोट लपवतेस का, या एका प्रश्नाला या चौघीही "अख्खी भाकरी" म्हणणार. चौघींची बेरीज सारखी आणि चौघींची कारणं चार.

दुसरी गोष्ट मुलगा-मुलगीची. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी आहे, आणि ती हवीच. पण गल्लीतल्या नजरा रोज सोनोग्राफी करतात. पोट टोकदार तर मुलगा, पसरट तर मुलगी. आधीच्या दोन मुली असलेली एक बाई आठव्या महिन्यात मला म्हणाली, "मी आता भिंतीला पाठ लावूनच उभी राहती. बाजूनं कुणाला दिसू नये." तिच्या पोटाचा आकार हा तिच्या घरातला रोजचा निकाल होता. आणि दुसरी एक, चेहऱ्यावर दोन्ही गालांना वांग आलेले, मान काळवंडलेली. मी मलम सांगायला गेले तर म्हणाली, "राहू द्या ताई. आमच्यात म्हणत्यात, मुलगा असला की आईचं रूप जातं. गेलंय तेच बरंय." कांतीविषयीच्या नाराजीचं वाक्य तिला विचारलं असतं तर तिनं "नाराज नाही" असंच सांगितलं असतं, आणि आपण तिला समाधानी बायकांत मोजून मोकळे झालो असतो. रूप गेल्याचा आनंद होणं यामागे किती भीती असेल, ते मोजायला त्या श्रेणीत वाक्य नाही.

संशोधक मंडळींना हे मुद्दाम सांगते. घटक-विश्लेषणात संगणक एकमेकींबरोबर हलणारी वाक्यं एकत्र करून देतो. पण तो तुम्ही घातलेल्या वाक्यांतूनच गट काढणार. "लोक माझ्या पोटाकडे बघून मुलगा-मुलगी ठरवतात, तेव्हा मला…" असं वाक्यच घातलं नाही तर तसा घटक कधीच निघणार नाही, आणि मग आपण म्हणू की महाराष्ट्रातही परदेशासारखेच तीन किंवा सात घटक आढळले.

आणखी एक, बारीक असण्याचं. तिकडच्या प्रश्नावल्यांत वजनाची चिंता म्हणजे वाढण्याची चिंता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांत रक्त कमी निघालं. आमच्या बाकावर आपण वाळलेल्या दिसतो याची लाज बाळगणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्याच शेजारी मुद्दाम कमी खाणाऱ्याही आहेत. पोट फार वाढलं तर बाळ मोठं होईल, मग सिझर होईल, या भीतीनं अर्धी भाकरी ताटात ठेवणाऱ्या. लोहाच्या गोळ्या उशीखाली साठवणाऱ्या, कारण गोळीनं बाळ काळं होतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आपण त्यांना दहा-बारा किलो वजन वाढायला हवं असं सांगतो, आहाराचा तक्ता देतो, गोळ्या मोजून देतो. आणि पुढच्या महिन्यात काटा तिथेच राहिला की "ऐकत नाहीत" म्हणतो. तिला आपल्या वाढत्या अंगाची भीती वाटते का, हे आधी विचारलं असतं तर तो काटा का हलत नाही ते कळलं असतं. ज्यांना भावनांच्या मोजमापाचं महत्त्व पटत नाही त्यांनी निदान हिमोग्लोबिनसाठी तरी हे करावं.

मोजमापातली एक अडचण मात्र मी मोकळेपणानं मांडते, तिचं उत्तर तुम्हीच काढायचं आहे. श्रेणी भरवशाची आहे का हे बघायला तीच प्रश्नावली त्याच व्यक्तीला काही आठवड्यांनी पुन्हा देतात. उत्तरं जुळली तर श्रेणी चांगली. पण गरोदर बाईचं अंग चार आठवड्यांत तेच राहत नाही. माझ्या कागदावर एका बाईनं पाचव्या महिन्यात "अंग परकं वाटतं" याला चतकोर सांगितलं आणि आठव्यात पाऊण. कागद खोटा की अंग बदललं? तिला पाचव्या महिन्याच्या शेवटी बाळाची हालचाल जाणवली तेव्हाच्या भेटीत तर तिनं एकही गोल निवडला नव्हता. "आता परकं नाही, आता दोघांचं हाय," असं म्हणाली होती. तिन्ही तिमाहींत तेच वाक्य तोच अर्थ धरतं का, हे तपासल्याशिवाय नुसत्या सरासरीवर जाऊ नका, एवढंच मी म्हणेन.

आमच्या बोलीत यासाठी लागणारा शब्दसाठा भरपूर आहे. 'शरीरप्रतिमा' हा शब्द माझ्या खोलीत अकरा वर्षांत एकाही बाईनं वापरलेला नाही. पण अंग जड होतं, अंग भरतं, अंग उतरतं, अंगावर तेज येतं, अंगात त्राण राहत नाही, एखादी गोष्ट अंगावर येते. गरोदर बाईला आवर्जून काही विचारायची रीतही आपल्याकडे जुनी आहे. कसले डोहाळे लागलेत, हे विचारल्याशिवाय कुठल्या घरात राहवतं? सातव्या महिन्यात फुलांची वाडी भरून, धनुष्यबाण हातात देऊन तिला पाटावर बसवतात, त्या दिवशी तिच्या पोटाचं कौतुक सगळे करतात. त्या कौतुकाच्या दिवशीही कशी दिसते आहेस हे सांगणारे पन्नास असतात. तुला कसं वाटतं हे विचारणारी एखादी मैत्रीण निघाली तर निघाली.

माझं मागणं आता मांडते.

मराठी बायकांसाठी एक मापनश्रेणी मराठीतच तयार करा. दहा-बारा वाक्यांची, त्याहून मोठी नको. वाक्यं आधी बायकांकडून गोळा करा: मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून, मुंबईच्या चाळींतून आणि पुण्याच्या सोसायट्यांतूनही. तिथल्या बाईचं दुखणं वेगळं असेल. फोनवरच्या फोटोंचं असेल, बाळंतपणानंतर दीड महिन्यात ऑफिसचे कपडे बसायला हवेत याचं असेल. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या बाईवर ही मराठी श्रेणी लादू नका, तिला तिच्या भाषेतली लागेल. वाक्यं ठरल्यावर प्रत्येक वाक्य वाचून दाखवून "यातून तुम्हाला काय समजलं?" असं विचारा. सांख्यिकी त्यानंतर.

श्रेणी वाचून दाखवायची असावी, आणि ती बंद दाराआड. सासूसमोर दिलेलं उत्तर हे सासूला दिलेलं उत्तर असतं.

आणि कृपा करून हे आशाताईंच्या गळ्यात घालू नका. त्यांच्याकडे आधीच किती रजिस्टरं आणि किती ॲप आहेत ते मी रोज बघते. शंभर टक्के उद्दिष्ट लावून महिन्याच्या शेवटी माहिती मागितली तर ती घरी बसून एका रात्रीत भरली जाईल, सगळीकडे "अर्धी भाकरी" लिहून. त्यापेक्षा नसलेली बरी. माझ्यासारखे समुपदेशक आहेत, आमच्याकडे प्रत्येक बाई तशीही येते, आमच्याकडे दार आहे. दहा मिनिटं वाढतील. ती आम्ही देऊ.

उत्तर वाईट आलं तर पुढे काय, हेही आधीच ठरलेलं हवं. आज माझ्याकडे टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि जिल्हा रुग्णालयातलं मनोविकार पथक आहे. तिथवर जायला एसटीनं दीड तास लागतो आणि सोबत कुणीतरी लागतं. एखादी बाई "जगावंसं वाटत नाही" म्हणाली तर मी काय करायचं हे मला माहीत आहे. पण "आरशात बघवत नाही" म्हणाली तर तिला कुठे पाठवायचं? तिला बहुधा कुठे पाठवायचं नसतंच. दोन-तीन भेटींत ऐकून घेणारं माणूस, वांग का येतात आणि किती जातात याची खरी माहिती, नवऱ्याला एकदा समोर बसवून दोन शब्द, एवढ्यानं पुष्कळ हलकं होतं. तेवढी मुभा आणि तेवढा वेळ आमच्या कामात धरा. गुणांवरून बाईला नापास करू नका, आणि त्या गुणांचा तिसऱ्या रंगाचा स्टिकर तर मुळीच काढू नका.

श्रेणी व्हायला दोन-तीन वर्षं जातील हे मी समजते. तोवर एक गोष्ट उद्या होऊ शकते. सिस्टरच्या टेबलाशेजारीच काटा ठेवायचा आणि आकडा न ओरडता लिहायचा. आणि कार्डाच्या पुढच्या छपाईत एक कोरी ओळ: "माझ्या अंगाविषयी मला काय वाटतं." तिनं सांगायचं, आम्ही लिहायचं, तिच्याच शब्दांत. तिला नको असेल तर कोरी ठेवायची.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये गरोदरपणातल्या तपासणीच्या भेटी चारवरून आठवर न्यायला सांगितलं, आणि बाईला गरोदरपणाचा अनुभव चांगला यावा हेच त्या शिफारशींचं ध्येय ठेवलं. आपण भेटींची संख्या मोजू लागलो आहोत. अनुभवाचं अजून सुरू झालेलं नाही. आणि जे रजिस्टरात नसतं ते जिल्ह्याच्या बैठकीत कुणी विचारत नाही, हे तुम्हीही जाणता आणि मीही. म्हणून तर मी आग्रहानं मोजा म्हणते आहे.

माझ्या वहीत आज दोनशे एकोणीस वाक्यं आहेत. काही एकसारखी आहेत, काही एका ओळीची, एक-दोन अशी की वाचताना मला वही मिटावी लागते. ज्या कुणाला हे काम करायचं असेल त्यांना वहीची प्रत द्यायला मी तयार आहे. अट एकच, वाक्यं सुधारून प्रमाण मराठीत घालायची नाहीत. आमच्या एएनसीचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. दहा ते एक गर्दी असते, त्यानंतर खोली मोकळी असते. संशोधकांनी यावं, बसावं, ऐकावं. चार गोलांचा तो कागद अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

कळावे,

आपली,
एक आयसीटीसी समुपदेशक
मराठवाडा